गंभीर जखमेनंतर घोडा गेला तर: पहिल्या तासापासून पुढच्या काही महिन्यांपर्यंत काय करायचं

ज्यांचा घोडा पाय मोडून किंवा मोठ्या जखमेने गेलाय, किंवा आत्ता डॉक्टर शेजारी उभे राहून "काय करायचं, सांगा" म्हणतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझी घोडी पुढचा पाय मोडून गेली तेव्हा शोधाशोध केली तर एकतर घोड्यांच्या औषधपाण्याची माहिती सापडायची नाहीतर कुत्र्या-मांजरांच्या दुःखाबद्दलची. घोड्याचं प्रकरण वेगळं असतं ना पण. तो घरात झोपत नाही, तरी तुमचा अख्खा दिवस त्याच्या चंदी-वैरणीच्या वेळांवर चालत असतो, तो गेल्यावर पाचशे किलोचं शरीर मागे उरतं ज्याचं त्याच दिवशी काहीतरी करावंच लागतं, आणि शेवटचा निर्णय बहुतेक वेळा तुमच्याच तोंडून वदवून घेतला जातो.

सगळं वाचायचं त्राण नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. त्या दिवशी फक्त परत फिरवता न येणाऱ्या गोष्टी ठरवायच्या: उपचार की दयामरण, तुम्ही थांबणार का नाही, शरीराचं काय करायचं, शवविच्छेदन हवं का, आणि केस कापून ठेवायचेत का. विमा असेल तर कंपनीला फोनही दयामरणाच्या आधी. बाकी सगळं, अगदी सगळं, थांबू शकतं.

१. डॉक्टरांना काय विचारायचं

डोकं सुन्न झालेलं असतं, म्हणून प्रश्न आधीच लिहून देतेय, मोबाइलवरून वाचून विचारा:

- हा वाचेल का, आणि वाचला तर वेदनेशिवाय चालू शकेल का? (रपेटीला येईल का हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा.)
- आत्ता वेदना आटोक्यात आहेत का, आणि उपचार चालू असताना किती काळ त्या अशा ठेवता येतील?
- किती महिने तबेल्यात बंद ठेवावं लागेल? याचा स्वभाव ते सहन करणारा आहे का?
- बाकीच्या तीन पायांवर काय परिणाम होईल?
- मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं तर प्रवास झेपेल का, पायाला आधी आधार बांधून मिळेल का?
- हा तुमचा असता तर तुम्ही काय केलं असतं?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. बिनधास्त विचारा, बहुतेक डॉक्टर त्याचं उत्तर सरळ देतात. दुसरं मत हवं असेल तर एक्स-रे फोनवरून दुसऱ्या डॉक्टरांना पाठवता येतो, त्यात कुणाचा अपमान वगैरे होत नाही.

अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने दयामरणाचा विचार कधी करावा याचे निकष दिलेत, त्यांचा गाभा असा की घोड्याला सततची, आटोक्यात न येणारी वेदना भोगावी लागू नये, उरलेलं आयुष्य नुसतं वेदनाशामकांवर किंवा कोंडून काढावं लागू नये, आणि तो स्वतःला किंवा सांभाळणाऱ्याला धोका ठरू नये. मला हे निकष फार उपयोगी वाटतात कारण त्यात मालकाच्या प्रेमाची परीक्षा कुठेच नाहीये, सगळे घोड्याच्या बाजूने आहेत.

इथला मोठा सापळा म्हणजे "अहो पण तो गवत खातोय की!" घोडा हा भक्ष्य म्हणून जगलेला प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे, पाय मोडलेला घोडासुद्धा कधीकधी मान खाली घालून चरतो. खाण्यावर जाऊ नका, नाडी बघा. शांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते, तीव्र वेदनेत ती बरीच वर जाते. चेहराही बघा: कान ताठ होऊन मागे वळलेले, डोळ्याच्या वरचा भाग ताणलेला, नाकपुड्या आवळलेल्या, जबडा घट्ट.

२. पाय का जुळत नाही हे नीट समजून घ्या

हा मुद्दा मुद्दाम लांबवतेय. पुढे महिनोन् महिने रात्री अडीचला जो प्रश्न उठवून बसवणारे, की "काहीतरी करता आलं असतं का", त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

माणसाचा पाय मोडला की तो खाटेवर पडून राहतो. घोड्याला ते जमत नाही. मोठं अंग तासन् तास एका कुशीवर राहिलं तर खालच्या बाजूचे स्नायू आणि फुफ्फुस स्वतःच्याच वजनाखाली दबतात, स्नायू मरायला लागतात, पोटाचा त्रास सुरू होतो. म्हणजे त्याला उभंच राहायला हवं, आणि उभं राहायचं तर चार पायांचं वजन तीन पायांवर येणार. त्यातही साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, त्यामुळे पुढचा एक गेला की दुसऱ्याची काय गत होत असेल बघा. झोळीत टांगून ठेवता येतं, पण ते सगळे घोडे सहन करत नाहीत आणि कायमचं तर कुणालाच शक्य नसतं.

बरं, गुडघ्याच्या खाली घोड्याच्या पायाला स्नायू जवळजवळ नसतातच, कातडीखाली थेट हाड आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. त्यामुळे मोडलेलं हाड सहज कातडी फोडून बाहेर येतं, माती-लीद जखमेत जाते, रक्तपुरवठा आधीच बेताचा, मग जंतू आत शिरले की हटत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, जी कितीतरी घोडे नेते: लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला वेल्क्रोसारख्या बारीक थरांनी चिकटलेलं असतं. चांगल्या पायावर आठवडेच्या आठवडे जास्त वजन पडलं की त्या थरांचा रक्तपुरवठा बिघडतो, ते सुटायला लागतात, आतलं हाड फिरतं किंवा खाली घसरतं. म्हणजे मोडलेला पाय जुळत आलेला असतो आणि घोडा जातो तो चांगल्या पायाने.

बार्बारो या घोड्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. २००६ ची केंटकी डर्बी, ही अमेरिकेतली नामांकित शर्यत, जिंकलेला घोडा, दोनच आठवड्यांनी, २० मे २००६ ला, प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये ऑपरेशन झालं, जगातले उत्तम डॉक्टर, पैशाची अडचण नाही. जुलैमध्ये त्याच्या मागच्या डाव्या, म्हणजे चांगल्या पायाला लॅमिनायटिस झाला, पुढे पुढच्या पायांनाही, आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला दयामरण द्यावं लागलं. त्याच्या आधी १९७५ मध्ये रफियन नावाची घोडी होती, बेलमाँट पार्कच्या शर्यतीत पाय मोडला, ऑपरेशन पार पडलं, पण भुलीतून बाहेर येताना ती पळत असल्यासारखी पाय झाडत राहिली आणि जुळवलेलं सगळं पुन्हा मोडलं. न्यू बोल्टनला घोड्यांना पाण्याच्या टाकीत तरंगत शुद्धीवर आणतात ते याच अडचणीवर उपाय म्हणून, बार्बारोलाही तसंच उठवलं होतं.

आता दुसरी बाजूही सांगते नाहीतर अर्धवट होईल. प्रत्येक फ्रॅक्चर म्हणजे शेवट नाही. सांध्यातला छोटा तुकडा उडाला, नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) बाजूचं बारीक हाड मोडलं, नळीच्या हाडाला खाली सरळ चीर गेली तर ऑपरेशनने, स्क्रूने घोडे बरे होतात, काही परत धावतातसुद्धा. शिंगरू आणि हलक्या वजनाच्या घोड्यांना संधी जास्त. म्हणूनच नंतर कुणीतरी येऊन हमखास म्हणणार, "माझ्या ओळखीच्याचा घोडा बरा झाला की!" त्याला शांतपणे एवढंच विचारा की कुठलं हाड, कुठे मोडलं होतं, आणि वजन किती होतं. बहुतेकांना उत्तर देता येत नाही.

३. शेवटच्या वेळी थांबायचं का नाही

दोन्ही चालतं. थांबलात म्हणून जास्त प्रेम आणि बाहेर गेलात म्हणून कमी असं काही नसतं. पण थांबणार असाल तर काय दिसणार हे आधी माहीत असलेलं बरं, कारण जे नंतर डोळ्यांसमोरून जात नाही ते बहुतेक वेळा हेच, न सांगितलेलं.

आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो. मग मानेच्या शिरेतून औषध, साधारणपणे पेंटोबार्बिटल, भरपूर मात्रेत. घोडा सहसा एक खोल श्वास घेतो, गुडघे वाकतात आणि तो पडतो. हे पडणं कुत्र्या-मांजरासारखं हळुवार नसतं, जोरात आवाज होतो. म्हणून म्होरकी धरायचं काम अनुभवी माणसाला द्या, तुम्ही डॉक्टर सांगतील तिथे उभे राहा, तो आडवा झाला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मग जवळ बसा. त्यानंतरही एखाददोन मोठे श्वास, कातडीची थरथर, पायाचा झटका दिसू शकतो. तो जिवंत नसतो तेव्हा, स्नायूंची उरलेली हालचाल असते ती. डोळे उघडेच राहतात. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, मग बोटाने डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करतात, पापणी हलली नाही की सांगतात.

काही ठिकाणी गोळीने करतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण जाणकार हाताने केलं तर भान त्याच क्षणी जातं. नाकातून रक्त येतं, त्यामुळे ते बघायचं का नाही हे आधी ठरवा.

बोलायचं असेल ते इंजेक्शनच्या आधी बोलून घ्या. तुम्ही थांबणार नसाल तर त्याच्या ओळखीचं एक माणूस तरी जवळ राहील असं बघा, रोज खरारा करणारा मोतद्दार असेल तर उत्तमच.

४. शरीर हलवायच्या आधी

- शेपटीचे आणि आयाळीचे केस: जाडसर बट घ्या, मुळाशी दोऱ्याने घट्ट बांधा, बांधलेल्याच्या वर, म्हणजे मुळाच्या बाजूला कापा. धुऊन सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये ओलसरपणा धरतो. जरुरीपेक्षा जास्तच कापा, नंतर परत मिळत नाहीत.
- नाल: नालबंदाला किंवा डॉक्टरांना काढून द्यायला सांगा. नको वाटत असलं तरी काढून ठेवा, फेकायला नंतरही येतो.
- शवविच्छेदन: कारण स्पष्ट नसेल तर करून घ्या. "हाड आधीपासून कमजोर होतं का" याचं उत्तर फक्त आत्ताच मिळू शकतं.
- विल्हेवाट: दफन, दहन, किंवा मेलेली जनावरं नेणारी सेवा. कुठे काय चालतं ते तिथल्या स्थानिक नियमांवर, म्हणून डॉक्टरांनाच विचारा, त्यांच्याकडे फोन नंबर असतात. उन्हाळा असेल तर शरीर काही तासांत फुगायला लागतं, उद्यावर टाकू नका.

इंजेक्शन दिलं असेल तर एक गोष्ट फार महत्त्वाची. ते औषध शरीरात राहतं, कुजल्यावरही लवकर जात नाही, आणि असं मांस खाल्लं तर कुत्री, कोल्हे, गिधाडं मरतात. शरीर उघड्यावर टाकायचं नाही, वरवरचा खड्डाही नको, विहीर-ओढ्यापासून लांब आणि खोल.

दहन करणार असाल तर राख परत मिळणार का आणि ती फक्त तुमच्याच घोड्याची असेल का हे आधी स्पष्ट विचारा. आणि ती बरीच असते हां, छोट्या डबीत मावत नाही.

गाडी आली की तुम्ही तिथून निघा. विंच लावून, पायाला साखळी बांधून ओढत चढवतात, दुसरा मार्गच नसतो. ते बघून कुणाचंही भलं झालेलं मला माहीत नाही.

५. कागदपत्रं

विमा असेल तर हे आधी वाचा: दयामरणाच्या आधी कंपनीला फोन करायचा असतो. बहुतेक पॉलिसींमध्ये पूर्वसूचनेची अट असते, हाल थांबवण्यासाठी ताबडतोब करावं लागलं तर डॉक्टरांचं तसं लेखी पत्र लागतं. शवविच्छेदनही मागू शकतात, म्हणून त्यांच्याशी बोलल्याशिवाय शरीर हलवू नका. फोन तुम्हीच करायचा असं नाही, तबेल्यातल्या कुणालाही पॉलिसी नंबर देऊन बसवा.

एका पाकिटात गोळा करा:

- घोड्याचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट, मायक्रोचिप नंबर
- मालकीचा कागद
- विमा पॉलिसी, आणि फोन किती वाजता, कुणाशी बोलला याची नोंद
- डॉक्टरांचा रिपोर्ट, एक्स-रे, मृत्यूचा दाखला
- जखमेचे आणि जागेचे फोटो (दुसऱ्याला काढायला सांगा आणि तुमच्या फोनवर मागवू नका)
- विल्हेवाटीची पावती

नोंदणी जिथे असेल तिथे मृत्यू कळवायचा असतो, ते काही दिवसांनी केलं तरी चालतं.

६. मागे राहिलेले घोडे

शक्य असेल तर जोडीदार घोड्याला शरीराजवळ जाऊ द्या. काही हुंगतात, काही बराच वेळ उभे राहतात, काही ढुंकून बघत नाहीत आणि चरायला लागतात. न दाखवताच नेलं तर पुष्कळदा मागचा घोडा फाटकापाशी येरझाऱ्या घालत खिंकाळत राहतो. कळपातला प्राणी आहे, त्याला एकटं ठेवू नका, शेजारच्या दावणीला कुणीतरी आणा. खाणं, पाणी, लीद यांवर लक्ष ठेवा, खाणं बंद केलं तर दुःख आहे म्हणून सोडून न देता डॉक्टरांना बोलवा, पोटदुखी असू शकते. घोडी गेली असेल आणि पाठीमागे दूध पिणारं शिंगरू असेल तर ते सगळ्यात आधी, बाकी सगळं नंतर.

७. मुलांना सांगताना

"त्याला झोपवलं" म्हणू नका. लहान मुलं मग स्वतः झोपायला घाबरतात किंवा तो कधी उठणार विचारत बसतात. "पाय इतका मोडला होता की जुळणार नव्हता, फार दुखत होतं, डॉक्टरांनी औषध दिलं आणि तो मेला, त्याला आता दुखत नाही" एवढं पुरतं. मूल स्वार असताना घोडा पडला असेल तर ते न विचारता स्वतःलाच दोष देत असतं, त्याला तोंडाने सांगा की तुझ्यामुळे नाही झालं. एकदा सांगून भागत नाही.

८. पहिले काही आठवडे

मनाच्या आधी शरीराला सवय मोडायची असते. पहाटे चंदीच्या वेळेला जाग येते, हात गाजराकडे जातो, चपला सोडून बूट घातले जातात. त्या तासाला रिकामं ठेवू नका. तबेल्यात जावंसं वाटलं तर जा, दुसऱ्या कुणाच्या घोड्याचा खरारा करून या. नकोसं वाटलं तर नका जाऊ, पण मग त्या वेळेला चालायला तरी बाहेर पडा.

सामान विकू नका, वाटू नका. लोक प्रेमाने "आम्ही आवरून देतो" म्हणतात, त्यांना फक्त उरलेली औषधं डॉक्टरांकडे परत द्यायला सांगा, ती घरात ठेवू नयेत. झूल तर धुऊच नका. ब्रशच्या दातांत अडकलेले केस, म्होरकीच्या पट्ट्यावर आतून बसलेला घामाचा काळा थर, हे आज बघवत नाही पण धुतलं की गेलं. पोत्यात घालून माळ्यावर टाका.

तबेल्याचं भाडं, ठरलेली नालबंदाची फेरी, खाद्याची ऑर्डर, हे बंद करायचे फोन मित्राकडून करून घ्या. नाहीतर नालबंद ठरल्या दिवशी हजर होतो आणि विचारतो, "कुठंय?"

९. "जर-तर" चं काय करायचं

त्या दिवशी कुरणात सोडलंच नसतं तर. तो अडथळा घेतलाच नसता तर. हे येणारच. एक उपाय मला खरंच उपयोगी पडला: कागदाच्या एका बाजूला त्या क्षणी काय माहीत होतं ते लिहायचं, दुसऱ्या बाजूला जे नंतर कळलं ते. दोष आपण नेहमी दुसऱ्या बाजूवरून देतो. शवविच्छेदनाचा रिपोर्ट हातात असेल तर डॉक्टरांबरोबर बसून शांतपणे वाचा, दुःखाचा भर ओसरल्यावर.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं कुणीतरी सांगेल. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, त्या क्रमाने यायलाच हव्यात असं काही नाही. आज शांत आणि उद्या परत राग, हे बिघडल्याचं लक्षण नाही. आणि "घोडाच होता ना" म्हणणाऱ्यांबद्दल: समाज ज्या दुःखाला दुःखच मानत नाही, त्यावर केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ पासून लिहिलंय, प्राणी गेल्याचं दुःख त्यातच येतं. तुमचं दुःख खोटं नाही, ऐकणारा माणूस चुकीचा आहे. दुसऱ्या घोडेवाल्याशी बोला. ब्रिटिश हॉर्स सोसायटीने तर दयामरणाच्या आधी आणि नंतर मालकाच्या सोबतीला माणूस देण्याची योजनाच चालवलीये, म्हणजे ही गरज किती जणांना पडते बघा.

१०. डॉक्टर स्वतःसाठी कधी

तुम्हीही पडला असाल तर आधी स्वतःला तपासून घ्या, घोड्याच्या गडबडीत डोक्याचा मार तसाच राहून जातो. डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं होणं, त्याच दिवशी दाखवा.

महिना उलटूनही अपघात डोळ्यांसमोर जसाच्या तसा घडत असेल, हाड मोडल्याचा आवाज ऐकू येत असेल, झोप नसेल, कामावर जाता येत नसेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जा, आघातानंतरच्या त्रासावर चांगले उपचार आहेत. जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं तर महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

११. परत खोगीर, नवा घोडा

घाई करू नका आणि शपथही घेऊ नका. पहिल्या महिन्यात घेतलेला घोडा लोक बहुतेक वेळा रंग आणि उंची बघून घेतात, मग तो गेलेल्यासारखा वागत नाही म्हणून वैतागतात, त्या बिचाऱ्याचा काय दोष. आधी उसन्या घोड्यावर, शांत, वयस्कर, ओळखीच्या, नुसती चालीत रपेट करा. ठेच लागली की पोटात गोळा येईल, तेव्हा उतरा, लगाम धरून चाला, हवं तर परत चढा. शिकवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की काय झालंय, म्हणजे तो उगाच "दाब टाच" म्हणून मागे लागणार नाही. उसन्या घोड्यावर सलग काही रपेटी निवांत झाल्या, की मग स्वतःचा घोडा बघायला निघा, आणि पहिल्या भेटीत सौदा करू नका.